नकाशातलं पाच मिनिटांचं मैदान

"तुझ्या नकाशानं आमच्या पोरींचं मैदान खाल्लं." मावशीच्या पत्रात एवढंच होतं. ती मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याला मुलींच्या शाळेत शिकवायची. मी नागपुरात एका खाजगी कचेरीत शहरांचे नकाशे काढायचे. पांढुर्ण्याचा नकाशाही माझाच, टेबलावर बसून काढलेला. बाजाराजवळचं मोठं मैदान शाळेपासून पाच मिनिटांवर, असं मी कंपासनं वर्तुळ मारून लिहिलं होतं. त्याच जोरावर शाळेमागच्या छोट्या मैदानावर दुकानं निघणार होती, आणि गुरुवारी सौंसरला सुनावणी होती. ऐंशीच्या दशकातली गोष्ट ही. म्हटलं, घोळ आपण घातलाय, निस्तरायचाही आपणच. मंगळवारी निघाले.

पांढुर्ण्याला जायचं तर नागपूरहून पॅसेंजर बरी. तिकीट स्वस्त, बसायला जागा मिळते, आणि काटोलपासून दोन्हीकडे संत्र्याच्या बागा. स्टेशनबाहेरची भजी खा, पाणी मात्र घरचं न्या.

बुधवारी शाळा सुटल्यावर मावशी, खो-खोच्या बारा पोरी आणि मी मोठ्या मैदानाकडे चालत निघालो. बोळांतून वळसे घेत पंधरा मिनिटं लागली. पोचलो तर या टोकापासून त्या टोकापर्यंत कापसाच्या गाड्या, सरकी काढणाऱ्या जीनसाठी रांगेत थांबलेल्या. बैल सोडलेले, चुली पेटलेल्या.

"काका, या कधी हटतील?" मी एका गाडीवानाला विचारलं.

"जीनात नंबर लागल्यावर. ही गेली का दुसरी येते, बाई. दिवाळीपासून होळीपर्यंत असंच चालून राह्यते."

"मग आम्ही खेळायचं कुठं?" एका पोरीनं विचारलं.

"खेळा नं, बैलाच्या पायात."

पोरी हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"लहान लेकराले विचारलं असतं तरी सांगितलं असतं, नंदे," मावशी म्हणाली. "तू काहून आली नाही तेव्हा?"

संध्याकाळी तिनं कोथिंबिरीचं सारण भरून पुडाच्या वड्या तळल्या. लाज वाटत होती, तरी चार खाल्ल्या.

सौंसरची बस हाडं खिळखिळी करते, पुढच्या बाकावर बसा. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, "नक्शा तो आपका ही है न?"

"माझाच. आणि तो चुकीचा आहे." नकाशाची बाजू मांडायला नागपूरहून आलेले माझे वरिष्ठ शेजारीच बसले होते; त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. मी गाड्या, महिने, मिनिटं, सगळं सांगून टाकलं. दुकानं रद्द झाली. सोबत आलेल्या मावशीनं भर कचेरीत माझा हात घट्ट धरला.

नागपुरात वरिष्ठांनी लेखी खुलासा मागितला. सबबी पुष्कळ सुचल्या. शेवटी एकच ओळ लिहिली: मी तिथे गेले नव्हते.

"अशानं बाकीच्या गावांचे नकाशेही उघडावे लागतील," ते म्हणाले.

"उघडा," मी म्हटलं. "त्या गावांनाही मी गेलेले नाही."