पपई दमत नाही

देवळाली कॅम्पातला नजीर बावर्ची स्वतःच्या उजव्या हाताचं इतकं कौतुक सांगे, की दावतीला नुसता हात पाठवून तो स्वतः घरी बसला असता तरी कुणाचं काही अडलं नसतं. माझ्या हाताने गोश्त मऊ पडतं, हे तो चाळीस वर्षं छातीठोकपणे सांगत आला होता. तो कच्ची पपई वाटून लावतो हे अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं, पण पपईचं नाव काढलं की त्याचं डोकं फिरायचं.

त्याची मुलगी आफिया बी.एस्सी. करते. तिने एकदा बापाला समजावलं होतं, की पपईच्या चिकात एन्झाइम असतं आणि त्याला एक खाच असते. गोश्तातल्या प्रथिनाची साखळी त्या खाचेत नेमकी बसते, तुटते, तुकडे सुटतात आणि खाच पुढच्या साखळीला मोकळी. एन्झाइम स्वतः मात्र खर्च होत नाही. चांगला विस्तव लागला की खाचेचा आकार बिघडतो, तेव्हा कुठे ते थांबतं. न झिजणारी सुरी आपण तरी पाहिली नाही, असं म्हणून नजीरने तिला कांदे सोलायला बसवलं.

मग पुतण्या मुबीनचा वलीमा, म्हणजे निकाहनंतरची मुलाकडची दावत, आली. बोटी कबाबाच्या गोश्ताला पपई लावून झाली आणि फोन आला, की मुलीकडचे पिंपळगावला कांद्याच्या टेम्पोंमागे अडकलेत, तीन तास तरी लागतील. आफिया म्हणाली, आत्ताच भाजून घ्या. व्याह्यांना गार कबाब वाढून नाक कापून घ्यायला नजीर तयार नव्हता.

"चमचाभर तर पपई. एव्हाना दमली असेल."

"अब्बा, ती दमत नाही."

पाहुणे आले. नजीरने पहिली बोटी सळईला लावली, ती घसरून निखाऱ्यात पडली. दुसरी तिच्यामागे गेली. पातेल्यात हात घातला तर नुसता लगदा. चाळीस वर्षांचं नाव आता जाणार होतं, तेही व्याह्यांसमोर. शेवटी लगद्याच्या टिक्क्या थापून त्याने तव्यावर टाकल्या आणि तोंड लपवून तव्यापाशीच बसला.

नजीरच्या म्हाताऱ्या आत्याचे, मासूमाफुफीचे, दात जाऊन दहा वर्षं झाली होती. प्रत्येक दावतीत नजीर तिला रश्शात पाव बुडवून द्यायचा. आज तिने तीन टिक्क्या खाल्ल्या, नजीरला बोलावलं आणि त्याचा तोच उजवा हात धरला.

"दहा वर्षांनी कुणाला तरी माझी आठवण झाली, बेटा."

थाप मारायला इतका सोपा मोका जन्मात मिळाला नव्हता, पण नजीरने हळूच हात सोडवून तिच्या ताटात चौथी टिक्की वाढली. तिच्यासाठी मऊ गोश्त करायची आठवण त्याला एकदाही झाली नव्हती.

आता प्रत्येक दावतीत फुफीचं छोटं पातेलं वेगळं असतं. त्याला पपई तीन तास जास्त लावून ठेवतात, वेळ आफिया बघते. टिक्क्या कुणाच्या हातच्या, असं कुणी विचारलं तर नजीर म्हणतो, पपईच्या.