नेर, पुणे आणि बाबांचे लव्हबर्ड

मी नेर सोडलं त्या सकाळी बाबा स्टँडवर उशिरा आले, आणि आले ते हातात पत्र्याचा डबा घेऊन. मला वाटलं, वाटेत खायला चिवडा आणला असेल. अमरावतीची गाडी लागलेली होती. आईने खिडकीतून बॅग आत सारून माझी जागा धरली होती. बाबा बाकावर बसले, झाकण काढलं, तर आत कापसावर चार पिल्लं. पिसांचे कोंब नुकते फुटलेले, डोळे जेमतेम उघडलेले, आणि चारही चोची वर करून आ वासलेल्या. त्यांची आई आदल्या दिवशी मेली होती. दर दोन तासांनी त्यांना कोमट पीठ भरवावं लागत होतं, आणि दोन तास नेमके स्टँडवर भरले होते.

"बाबा, इथं?" मी म्हणाले. सगळे आमच्याकडे बघत होते.

"मंग काय करू माय? थे काय तुही गाडी जायची वाट पाह्यतीन?"

त्यांनी कडा वाकवलेला चमचा काढला आणि एकेकाला भरवायला सुरुवात केली. तिसऱ्याचं झालं आणि कंडक्टरने घंटी मारली. बाबांनी चमच्याचा हात तसाच वर केला आणि म्हणाले, "वेळेवर जेवत जाजो." बस्स. चौथ्याकडे वळले. माझ्याच निरोपात माझा नंबर चौथा लागला, या रागात मी बडनेऱ्यापर्यंत खिडकीबाहेरही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या होस्टेलवरून फोन केला, तेव्हा त्यांनी आधी सांगितलं की चारही जण खाऊन राह्यले, आणि मग विचारलं, तू खाल्लं का?

हे मी नेरला राहिलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांच्यासाठीही. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना बाबा लव्हबर्डवाले म्हणून माहीत आहेत. ते लव्हबर्ड नव्हतेच, त्यांचं खरं नाव बजरीगर. पण आपल्याकडे ते लव्हबर्ड म्हणूनच ओळखले जातात, आणि बाबांनीही कधी कोणाला दुरुस्त केलं नाही.

त्याआधी बाबा जिनातले, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या गिरणीतले, फिटर होते. माझ्या लहानपणी जिन दसऱ्याला सुरू होई आणि होळीपर्यंत चाले, आणि बाबा घरी यायचे ते भुवयांपर्यंत रुईने पांढरे होऊन. मग कापसाचं सगळं बिघडत गेलं. गाड्या कमी झाल्या, जानेवारीतच मशिनींवर ताडपत्र्या पडू लागल्या, आणि एका वर्षी मालकाने कुलूपच लावलं. बाबांना मी दिवसाउजेडी घरात बसलेलं तोवर पाहिलंच नव्हतं. हाताला चाळा म्हणून त्यांनी न्हाणीतला नळ तीनदा उघडून पुन्हा बसवला. शेवटी आई म्हणाली, "नळ ठीक हाय. तुम्हीच बिघडून राह्यले." ती हसत म्हणाली, पण तिला त्यांच्या गप्प बसण्याची भीती वाटत होती. त्या वर्षांत आजूबाजूच्या गावांतून ज्या बातम्या येत होत्या, त्या तुम्हाला सांगायला नकोत.

स्टँडमागे सलीमचाचांचं फवारणीपंप दुरुस्तीचं दुकान. बाबांचे ते जुने दोस्त. एक दिवस ते पिंजरा घेऊन आले. कोणी गिऱ्हाईक बदली होऊन जाताना त्यांच्या गळ्यात टाकून गेलं होतं. आत एक हिरवा, एक पिवळी.

"देवरावभाऊ, हे दोन मेहमान आठ दिवस ठेवा. माह्या दुकानात औषधांच्या वासानं मरून जातीन."

त्या आठ दिवसांची अकरा वर्षं झाली.

दोघांनी मिळून मागच्या अंगणात जाळीघर बांधलं. जिनातल्या भंगारातली जाळी, सलीमचाचांचं वेल्डिंग, आणि बाबांचं फिटरचं डोकं. त्याला एकामागे एक अशी दोन दारं होती आणि पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडत नसे, म्हणजे आपण आत जाताना पाखरू बाहेर निसटायला नको. कुंभाराकडून बाजूला भोक ठेवलेल्या मटक्या करून आणल्या. उन्हाळ्यात चारी बाजूंनी ओली पोती. खायला राळं, हिरवी कोथिंबीर, आणि चोच घासायला समुद्रफेन. पहिली अंडी वाया गेली, कारण बाबा घडीघडी मटकीत डोकावत होते. आई माझ्याकडे बोट दाखवून कावली. "स्वातीच्या टायमाले मी बाळंतीण होती, तवा तुम्ही असे दर घंट्याले पाह्याले येत होते का?" पुढच्या वेळी बाबांनी स्वतःवर ताबा ठेवला आणि अठराव्या दिवशी मटकीतून बारीक आवाज आला. बाबा स्वयंपाकघरात येऊन नुसते उभे राहिले.

मग वाढतच गेले. जोड्यांपेक्षा मटक्या जास्त ठेवल्या नाहीत तर माद्या भांडतात, हे ते शिकले. चोचीवरच्या नाकाची पट्टी निळी असली की नर आणि तपकिरी असली की मादी, हे त्यांनी अख्ख्या आळीला शिकवलं. बोंडअळीच्या वर्षी बाजारातून परतणारी माणसं आमच्या अंगणात टेकायची. पाणी प्यायची, जाळीसमोर बसायची. कोणी कापसाचं काढत नसे. अर्धा-पाऊण तास तो गलका ऐकून उठायची आणि जायची.

हे सगळं तेव्हा मला कौतुकाचं वाटत होतं असं नाही. मी नर्सिंग करून पुण्याच्या दवाखान्यात लागले होते. पहिल्या महिन्यात वॉर्डात तोंडून "मले" निघालं आणि दोन जणी हसल्या. मग मी मला-तुला शिकले, काहूनचं का झालं. शिफ्ट, हँडओव्हर, इनचार्ज यांत दिवस जाऊ लागले. बाबा व्हिडिओ कॉल करायचे आणि दोन मिनिटं बोलून फोन जाळीला टेकवून पाणी बदलायला निघून जायचे. मी जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं पाखरं बघत बसायची. रूममेट विचारायच्या, "तुझे बाबा कुठायत?" मी नेटवर्क गेलं असं सांगून फोन कट करायची. अनेकदा केलं असं. हे मी आज पहिल्यांदा सांगते आहे.

फवारणीच्या दिवसांत बाबा सलीमचाचांना हात द्यायला लागले होते. शेतात पंप बिघडला की दुरुस्तीला जायचे. अशाच एका दिवशी दाबाखालची नळी फुटली आणि औषध त्यांच्या तोंडावर, छातीवर उडालं. सलीमचाचांनी त्यांना तिथेच विहिरीवर आंघोळ घातली आणि लगेच नेरला, तिथून यवतमाळला नेलं. मी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. वॉर्डात पाय ठेवल्यावर माझं सगळं नर्सिंग गळून पडलं. आईच्या शेजारी बसून नुसती त्यांच्या श्वासाकडे बघत राहिले.

सहा दिवसांत ते बरे झाले. चौथ्या दिवशी सलीमचाचा आले आणि दारातच थांबले, आत येईनात. आपल्यामुळे झालं, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. बाबांनी त्यांना पाहिलं आणि विचारलं, "पाखरं कशे हायेत?" चाचा रडायलाच लागले. आम्ही सगळे दवाखान्यात, आणि घरी रोज दाणा-पाणी तेच करत होते. एकही पाखरू दगावलं नव्हतं.

पण तिथे तपासणीत दुसरंच निघालं. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू होता, कधीपासूनचा. गेलेली नजर परत येणार नव्हती, उरलेली थेंब आणि तपासण्या करून टिकवायची होती. तेव्हा बाबांनी कबूल केलं, "सालभर झालं, मले नाकाचा रंग समजत नाही. दोन-दोन नर एकाजागी ठेवले असतीन म्या. म्हणूनच अवंदा दोनच मटक्यांत अंडी झाली." ते हसले. आई हसली नाही.

मी ठरवलं की दोघांना पुण्याला न्यायचं. बाबा नाही म्हणाले. पिल्लं धरून अडतीस पाखरं होती. मी एक वाक्य बोलले, ते अजून सलतं. "मी दुसऱ्यांच्या बापांच्या डोळ्यांत थेंब टाकते, आणि माझा बाप पाखरांसाठी आंधळा होणार?"

बाबा म्हणाले, "मटकीत पिल्लं हायेत. थे बाहेर निघू दे. मंग जाऊ."

शेजारच्या एकाने सुचवलं, दार उघडा आणि उडवून द्या, पुण्य लागेल. बाबा चिडले. "या पाखरायचा जन्म जाळीत गेला. बाहेर दाणा कुठं भेटते थे यायले मालूम नाही. दोन दिवसांत मरतीन."

मी तीन आठवड्यांची रजा काढली. सकाळ-संध्याकाळ आम्ही घरोघर फिरलो. पाखरं मागणारे पुष्कळ होते, पण बाबा त्यांची परीक्षा घेत. मांजर आहे का? कूलरचा झोत कुठं लागतो? लग्नाला गावाला गेलात तर दाणा कोण टाकेल? एका मास्तरांना त्यांनी चक्क नापास केलं. मास्तर दुसऱ्या दिवशी पिंजरा हलवून, जागा दाखवायला पुन्हा बोलवायला आले. जोड्या मी लावत होते. मुठीत पाखरू धरायचं, मान दोन बोटांत, आणि नाक बघायचं. पहिल्याच दिवशी तीनदा चावली मला.

"निळं का तपकिरी?" बाबा विचारत.

"निळं."

"पक्कं?"

"पक्कं."

अकरा वर्षं त्या जाळीबाहेर उभी राहिले होते मी. आत जाऊन त्यांच्याजवळ बसले ती त्या तीन आठवड्यांत. बाबांच्या हाताला पाखरू कधी चावत नसे. ते माझा हात हातात घेऊन दाखवायचे, इतकंच धर, याहून घट्ट नको. अठरा घरांत अठरा जोड्या गेल्या. शेवटची जोडी आणि जाळीघर सलीमचाचांनी नेलं. त्या दिवशी मागच्या अंगणात इतकं शांत झालं की आईने रेडिओ लावला.

पुण्यात आई चार महिन्यांत रुळली. बाबा नाही. बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचे. एक पाखरू आणायचं नाही, असं त्यांनीच सांगितलं होतं. "तुह्या शिफ्टा असतेत, यायचा गलका तुले झोपू देणार नाही." फोनवर कोणी विचारलं कुठं आहात, तर सांगायचे, "स्वातीच्या फ्लॅटवर." डोळ्यांचे थेंब वेळेवर घेत, तपासणीला येत, मी म्हणेन ते खात. पाहुणा वागतो तसे वागत होते. आणि मला कळत होतं की हे मी केलं आहे.

एका दुपारी ड्यूटीवरून येताना मी दुकानातून एक जोडी घेऊन आले. बाबांनी पिंजऱ्याला कान लावला. मग म्हणाले, "नाक पाह्य."

मी पाहिलं. "तपकिरी."

"आन् दुसऱ्याचं?"

मी पुन्हा पाहिलं. तेही तपकिरी. दुकानदाराने जोडी म्हणून दोन माद्या दिल्या होत्या, आणि मी, नेरमध्ये अठरा जोड्या लावलेली, घाईत नाक न बघताच उचलून आणल्या होत्या. बाबा इतके हसले की आई आतून पिठाचे हात घेऊन धावत आली. पुण्यात आल्यापासून ते पहिल्यांदा हसले होते. लगेच चपला घालून म्हणाले, "चाल, बदलून आणू." दुकानदाराला नर-मादीचा धडा देऊनच परतले. आता बाल्कनीत जाळी आहे, सहा पाखरं आहेत, आणि खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकू चहाचा कप घेऊन बाबांपाशी येऊन बसतात. त्यांना बाबांचं बोलणं अर्धं कळतं, बाबांना त्यांचं. दोघांचं बरं चालतं. माझी मात्र झोपमोड होते, हे बाबांचं खरं निघालं.

या हिवाळ्यात सलीमचाचांच्या मुलीचं लग्न होतं, म्हणून नेरला गेलो. दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, चक्कर मारू. माझा दंड धरून ते आपल्या आळीतून निघाले. मधोमधचं तेवढं दिसतं त्यांना आता, तेही धुरकट. पण एका घरापाशी ते थांबले आणि मान तिरकी केली. "हे आपलेच." आतून चिवचिवाट येत होता. बाई बाहेर आल्या. "देवरावभाऊ! लेकरं पाह्याले आले काय?" असं सहा-सात घरी झालं. काही घरी आवाज नव्हता. कुठे उन्हाळ्याने गेली होती, कुठे मांजराने नेली होती. सांगताना माणसं खाली बघत. बाबा म्हणाले, "होते बाप्पा तसं. माह्याही हातानं किती गेले." मास्तरांकडे मात्र दोनाची चौदा झाली होती. त्यांनी आम्हाला तासभर सोडलं नाही.

शेवटी सलीमचाचांकडे टेकलो. त्यांच्या मागच्या अंगणात तेच जाळीघर, पाखरांनी भरलेलं. बाबा आत जाऊन बसले, बराच वेळ बसले. बाहेर आले तेव्हा चाचा म्हणाले, "राहून जा ना भाऊ महिनाभर. हे तुमचंच घर हाय."

मी बाबांकडे पाहिलं. ते हो म्हणाले असते तर मी त्यांना ठेवून एकटी परतले असते, इतकी तयारी मी मनाशी केली होती.

"नाही जमत सलीमभाऊ," बाबा म्हणाले. "घरी मादी अंड्यावर बसली हाय. जोशीबाई पाह्यतो म्हणाल्या, पण त्या घाबरतेत. घरी गेलो पाह्यजे."

घरी. आईने माझ्याकडे पाहिलं. आणखी कोणाच्या ते लक्षातही आलं नाही. मी इतकी वर्षं पुण्यात राहून "घरी जाते" म्हणाले की नेरलाच जात होते. मधल्या काळात भाड्याच्या तीन खोल्या बदलल्या, मग फ्लॅट घेतला, दारावर नावाची पाटी लावली. तरी तो शब्द मला त्या दाराला कधी लावता आला नव्हता. ज्यांना मी ओढून आणलं त्या बाबांनी तो लावला, सहज, चहाचा कप खाली ठेवता ठेवता. तिथे कोणीतरी त्यांच्या भरवशावर बसलं होतं, एवढंच त्यांना पुरेसं होतं.

"मंग तर जाच लागते," सलीमचाचा म्हणाले, आणि पिशवीत राळं भरून द्यायला उठले.