बांगडी आणि 'ब्रिंग'चं दुसरं रूप

नारायणगडाच्या यात्रेत बांगड्या भरणारी एक मावशी बसते. शाळकरी पोरीचा हात दाबला की ती विचारते, "'ब्रिंग'चं दुसरं रूप सांग बरं." पोरगी आठवत बसते, तेवढ्यात हात सैल पडतो आणि बांगडी मनगटात जाते.

"सोपं इचारलं तर पोरी हात आवळूनच धरत्यात," ती मला म्हणाली. "लई वाकडं इचारावं लागतं."

मी इंग्रजी शिकवते. माझ्या वर्गात याच क्रियापदांनी पोरी रडकुंडीला येतात. मीही हात पुढे केला.

"'लाय'चं तिसरं?"

मी अडखळले. खाली पाहते तर बांगड्या भरून झालेल्या.

"'लाय, ले, लेन'," मी घाईनं म्हणाले.

"आसंल बाई, मला कुठं येतंय?" ती हसली. "दुखलं न्हाई ना?"