काकांचं ‘सेट’

रविवार, सकाळी दहा, पार्किंगमध्ये सोसायटीची सभा. हजर: सेक्रेटरी म्हणून मी, खजिनदार आणि कधी नव्हे त्या तळमजल्यावरच्या काकी. गैरहजर: काका. हवेत बरणीचं झाकण फिरवल्यासारखा हात फिरवून ‘करतो सेट’ म्हणणारं आता कोणी नाही.

सुकापुरातली आमची इमारत काकांच्या जमिनीवर उभी आहे. बदल्यात त्यांना तळमजल्यावर घर मिळालं आणि आम्हाला काका.

तुमच्याही सोसायटीत असा एखादा शब्द फिरत असेल. लिफ्ट अडकली, सेट करतो. गच्चीवरचं सिमेंट ओलं आहे, सेट होऊ दे. पुतण्या उलव्याला नोकरीला लागला, सेट झाला. पाण्यावरून भांडलेल्या दोन शेजारणी हळदीकुंकवाला मांडीला मांडी लावून बसल्या, तेव्हा काका मिशीत हसले. ‘केल्या ना सेट.’

‘म्हणजे नेमकं काय केलंत? मला रजिस्टरमध्ये लिहायचंय.’

‘लिवा ना ताय, सेट.’

गावदेवीची पालखी दर वर्षी काकांच्या जुन्या घराच्या उंबऱ्यापाशी टेकायची. इमारत झाल्यावर नेमकी तिथेच वरच्या मजल्यावरच्या देशपांड्यांची गाडी उभी राहू लागली. मी नोटीस लावली: गाडी हलवावी. देशपांड्यांनी खाली उत्तर चिकटवलं: जागा विकत घेतली आहे. पालखीच्या आदल्या संध्याकाळी काका नारळ घेऊन वर गेले आणि चहा पिऊन खाली आले.

‘काय म्हणालात त्यांना?’

‘गाडी काडा बोललोच नाय. बोललो, पालखी औंदा तुमच्या दारात उतरतेय, ओवाळाल ना?’

‘मग?’

‘मग काय, धोतर इस्त्रीला धाडलंय त्यांनी.’

पुढे दर वर्षी देशपांडे न सांगता गाडी काढायचे आणि पालखीला उशीर झाला तर काकांवरच रागवायचे.

दिवाळीनंतर काका गेले. देशपांडेही फ्लॅट विकून पुण्याला गेले. त्यांच्या फ्लॅटमध्ये आता एक नवं जोडपं राहतं. त्यांची गाडी त्याच जागी उभी असते आणि देशपांड्यांच्या गाडीहून लांबीला मोठी आहे.

सभेत काकींनी एवढंच विचारलं, ‘पालखी येल ना वो आत?’

खजिनदार म्हणाले, ‘नोटीस लावा.’

मी सवयीने लगेच टाइप केली. मुद्दा एक: गाडी. प्रिंट काढली, चिकटपट्टी घेतली, बोर्डापर्यंत गेले आणि कागद फाडून टाकला. येताना कोपऱ्यावरून नारळ आणला.

पालखी उद्या आहे. जिना चढताना दोनदा म्हणून पाहिलं, ‘पालखी औंदा तुमच्या दारात उतरतेय.’ नवी मंडळी घरात आहेत, टीव्हीचा आवाज येतोय. बेल अजून वाजवलेली नाही.