भरल्या अंगाची भूक

मी अंगाने भरलेली. आमच्या पोलादपूरच्या वाडीत याला खात्यापित्या घरची म्हणतात, आणि महाडच्या एमआयडीसीत ढोली. औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये ट्रेनी लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक सीनियर म्हणाला, "जाड्या माणसाच्या डोक्यात उशिरा शिरतं." मी हसण्यावारी नेलं. पण मेलं ते मनातून जाईना. एखादं रीडिंग दोनदा बघावं लागलं की वाटायचं, खरंच की काय?

मग मी खाणं सोडलं. आई पहाटे उठून तांदळाच्या भाकऱ्या थापायची, डबा भरून द्यायची. तो मी कंपनीच्या बसमध्ये शेजारणीला द्यायचे. संध्याकाळी आई विचारायची, "संपवलास ना गो डबा?" मी हो म्हणायचे. शरमेने तिच्याकडे बघवायचं नाही. वजन काही ढिम्म हललं नाही, डोकं मात्र चालेनासं झालं. तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचायचे, बाटलीला लेबल लावायला विसरायचे. आणि मी एवढी शहाणी, की त्याचाही दोष चरबीलाच द्यायचे नि आणखी कमी खायचे.

नोकरीत कायम करायची तोंडी परीक्षा आली. पास झाले नाही तर मुंबईला भावाच्या खोलीवर जाऊन राहायचं, असं घरी ठरलं होतं, आणि मला ते मुळीच नको होतं. परीक्षा जेवणाच्या सुट्टीनंतर. माझ्या पोटात सकाळपासून नुसता चहा.

साहेबांनी सोप्यात सोपं विचारलं. "अंगावर ॲसिड उडालं तर पहिलं काय करायचं?"

अहो, पाणी! भरपूर पाणी ओतायचं! नव्या मुलींना मीच शिकवलं होतं. पण तो शब्द काही केल्या सापडेना. तोंड उघडं, कानात नुसतं सूं सूं.

साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काय मॅडम, जेवण अंगावर आलं वाटतं?"

उपाशी आहे, एवढंच सांगायचं होतं. साहेब तसे वाईट नव्हते. चार बिस्किटं खायला घालून पुन्हा विचारलं असतं त्यांनी. पण हा एवढा देह घेऊन भूक लागलीय म्हणायचं? लाजेने मेले असते मी.

"हो सर," म्हटलं, "जरा जास्तच झालं."

परीक्षेला बसलेले सगळे साहेब हसले. मीसुद्धा हसले. नोकरी अशी हसत हसत घालवली मी, पण भूक लागलीय म्हणाले नाही.