रणगाड्यावरचं कुंकू

अंबडच्या एका कारखान्यात मी रंगविभागात होतो. रंगावर धुळीचा एक कण दिसला की माल परत. आणि घरी, इंदिरानगरातल्या आमच्या गॅलरीत बसून, वीतभर लांबीच्या प्लॅस्टिकच्या रणगाड्याला मी हौसेने धूळ लावत होतो. "धूळ बसू नये म्हणून पगार घेतोस आणि घरी येऊन तीच चोपडतोस," असं आई म्हणायची. तिला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

रणगाडा बाबांसाठी होता. तरुणपणी लढाईत त्यांनी असाच एक चालवला होता. त्याबद्दल विचारलं की "चालवला, झालं" एवढं बोलून ते पेपर उघडायचे. मला वाटायचं, हुबेहूब तसाच समोर ठेवला तर हा माणूस एकदा तरी बोलेल. म्हणून खडूची भुकटी करून पट्ट्यांवर चिखल, कडांना गंज, असा महिनाभर जिवाचा आटापिटा केला होता. बाबा गावाला गेले होते, दसऱ्याला संध्याकाळी परतणार होते. तेव्हा दाखवायचा.

खंडेनवमीला मी कामावरून आलो तर रणगाडा पूजेत! एका बाजूला पाना-पक्कड, दुसऱ्या बाजूला विळी, मध्ये हा, आणि तोफेवर त्याच्यापेक्षा मोठी झेंडूची माळ. आईने ओल्या फडक्याने सगळा चिखल पुसून काढला होता. वर पुढच्या बाजूला ओल्या कुंकवाचं ठसठशीत बोट.

"अगं, काय केलंस हे?"

"शस्त्रच ना ते? एवढं मळलेलं कोणी पूजेला ठेवतं का?"

कपाळ माझं! मी रागाने जेवलोही नाही.

दसऱ्याला सकाळपासून दुरुस्तीला बसलो. चिखल पुन्हा लावला, गंजही जमला. कुंकू मात्र रंगात मुरलं होतं. थिनरचा बोळा फिरवला तर कुंकवाआधी माझा हिरवा रंगच सुटला. वरून हिरवा मारला, वाळल्यावर लाल वर आलं. परत मारला, परत वर. कारखान्यात असा माल मी हातातही धरला नसता. वैतागून ब्रश आपटला, तेवढ्यात बाबा दारात.

त्यांनी रणगाडा उचलला. अंगठा थेट त्या डागावर गेला. "हे कोणी लावलं?"

"आईने. थांबा, काढतो मी. सकाळपासून त्याच्याच मागे लागलोय."

"राहू दे." पायातल्या चपला न काढताच ते खाली बसले. "लढाईला निघालो त्या दिवशी आमच्या तोफेवरच्या गनरने लावलं होतं. इथेच. परत आलो तेव्हा कुंकू तसंच होतं, तो नव्हता."

आईने चहा आणून ठेवला. तो निवला तरी बाबा त्या गनरबद्दलच सांगत होते. महिनाभर राबून केलेल्या माझ्या चिखलाकडे कोणी ढुंकूनही बघितलं नाही.