अण्णांनी वाचवलेली बॅटरी

आमच्या घरात रिकाम्या खोलीत दिवा चालू राहिला, तर तो अण्णांच्या जिवाला लागतो. अण्णा म्हणजे माझे सासरे. बेंगळुरूत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या मराठी घरातले हे गृहस्थ हातातला घास ताटात ठेवून बटण बंद करायला उठतात. मी लग्न होऊन पुण्याहून आले, त्या पहिल्याच आठवड्यात आंघोळीच्या मध्येच गीझर बंद झाला. मी आरडाओरडा केला, तर बाहेरून शांत आवाज आला, "पाणी तापलं की गं, आता चालू कशाला?"

अशा माणसाच्या हाती माझ्या नवऱ्याने जीपीएस दिलं.

सासूबाई गेल्यापासून अण्णा दर रविवारी देवनहळ्ळीच्या पुढच्या टेकड्यांवर एकटेच भटकायला जात. एका रविवारी ते वाट चुकले आणि दिवेलागणीनंतर घरी पोचले. नवऱ्याने फर्मान काढलं, की यापुढे एकटं जायचं नाही. अण्णा जेवणावर रुसले. नवरा व्हाइटफील्डच्या ऑफिसातून दर तासाला मला फोन करून विचारायचा, "जेवले का?" शेवटी तह झाला. हे हातात मावणारं यंत्र आपण चाललेली वाट नोंदवून ठेवतं, तिच्यावरून परत फिरायचं. अण्णांना ते जमलं, तर रविवार त्यांचा. नाही जमलं, तर भटकणं कायमचं बंद. मी परीक्षक म्हणून सोबत जायचं, पण तोंड उघडायचं नाही. मला हे दुसरं कलम फारच जड गेलं.

चढताना अण्णा खुशीत होते. वळण आलं की खिशातून यंत्र काढायचे, निरखून बघायचे, परत ठेवायचे. तळ्याच्या काठाने गेलो, मोठमोठ्या धोंड्यांमधून वाट काढली, माथ्यावर बसून कडबोळ्यांसारखी कुरकुरीत कोडबळी खाल्ली. उतरायची वेळ झाली तेव्हा त्यांनी ऐटीत यंत्र माझ्यापुढे धरलं. "बघ, बॅटरी अजून फुल्ल!"

बॅटरी खरंच फुल्ल होती. पडद्यावरची वाट मात्र एक सरळसोट रेघ होती आणि ती तळ्याच्या मधोमध जात होती. यंत्राच्या मते आम्ही पाण्यावरून चालत आलो होतो.

"अण्णा, तुम्ही हे मधे मधे बंद करत होतात?" कलम मोडून मी विचारलं.

"मग? बघायचं नसताना चालू कशाला ठेवायचं?"

मला हसू आलं आणि रडूही. बॅटरी वाचवायची सगळी सोय नवऱ्याने आधीच करून दिली होती. थोड्या वेळाने पडदा आपोआप काळा व्हायचा, पण आत वाटेची नोंद चालूच राहायची. अण्णांनी त्याच्यावर कडी करून यंत्रच बंद केलं होतं, म्हणून मधली वाट नोंदलीच गेली नव्हती.

आम्ही अंदाजाने उतरलो आणि एका नव्या लेआउटच्या, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वसाहतीच्या, उंच भिंतीपाशी येऊन अडकलो. मी खरोखर घाबरले. ऊन उतरत होतं, माणूस दिसत नव्हतं आणि फोनला रेंज नव्हती.

"स्वल्प थांब," अण्णा नेहमीसारखं कन्नड मिसळून म्हणाले. भिंतीला टेकून त्यांनी उरलेलं कोडबळं खाल्लं. "येताना पाणी उजवीकडे होतं. म्हणजे आता डावीकडे पाहिजे. सरी, ठीक आहे, चल." परत थोडं चढून आम्ही तळं शोधलं आणि काठाकाठाने बस थांब्यावर आलो.

घरी नवरा फाटकातच उभा होता. "आणलं ना यंत्राने बरोबर?"

"हो, अगदी व्यवस्थित," मी सपशेल थाप मारली.

"तसं काही नाही," अण्णा म्हणाले. "यंत्र मीच बंद केलं. वाट चुकलो."

मी कपाळावर हात मारला. रविवार हातचा गेला, असंच मला वाटलं. एवढं सांभाळून घेतलं होतं आणि ह्या भल्या माणसाने सगळ्यावर पाणी ओतलं.

चपला काढता काढता अण्णा मुलाकडे न बघता म्हणाले, "चुकलो, पण तिथे मला भीती नाही वाटत रे. तुझी आई गेल्यापासून घरात वाटते."

नवऱ्याने आत जाऊन ड्रॉवरमधून चिकटपट्टी आणली, यंत्राच्या बंद करायच्या बटणावर तिचे चांगले वेढे दिले आणि यंत्र अण्णांच्या हातात ठेवलं.

"रविवारी किती वाजता निघणार?" त्याने विचारलं.